‘माझं इंग्रजी मराठी वळणाचं, मी परदेशी मुलांना काय शिकवणार?’

ताई, मी कोल्हापूरची. वय 24, बी.एड. झालंय, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पोलंडमध्ये झाकोपानेजवळ जुलैत मुलांचं दोन आठवड्यांचं इंग्रजी शिबिर आहे. तिथे स्वयंसेवक शिक्षिका म्हणून माझी निवड झालीय. मुलं 9 ते 12 वयाची. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट माझं. बाकीचे शिक्षक इंग्लंड-अमेरिकेचे. व्हिडिओ कॉलवर त्यांचं फाडफाड बोलणं ऐकलं आणि माझी बोलतीच बंद झाली. माझे उच्चार ऐकून मुलं हसली तर? शिवाय संयोजकांकडच्या बाई म्हणाल्या, ‘टुरिस्ट व्हिसा काढ, सोपं पडेल.’ बाबा म्हणतात, एवढ्या लांब अनोळखी माणसांत कशाला? आजी मात्र म्हणते, जा. तिचे वडील कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांच्या छावणीत भाजी पोचवायचे. काय करू? आणि गेलेच तर पहिल्या दिवशी वर्गात करू काय?
— स., कोल्हापूर

प्रिय स.,

जा. तुझ्यासारख्या मुलींनी अशा शिबिरांत जायलाच हवं असं माझं मत आहे आणि त्याची कारणं पुढे सांगते. पण टुरिस्ट व्हिसावर मात्र अजिबात जाऊ नकोस. आधी तेवढं मिटवू, कारण ते या आठवड्यातच करायचं काम आहे.

पोलंडसाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याच्या अर्जात प्रवासाचं कारण विचारतात. तिथे ‘पर्यटन’ लिहायचं आणि प्रत्यक्षात वर्ग घ्यायचे, हे सरळसरळ खोटं लिहिणं झालं. अर्ज नाकारला गेला तर त्याची नोंद 5 वर्षं राहते आणि शेंगेनमधल्या सगळ्या देशांच्या वकिलातींना ती दिसते. विमानतळावर अधिकाऱ्याने ‘कुठे राहणार, काय करणार’ विचारलं तर उत्तर तुला द्यायचंय, त्या बाईंना नाही. म्हणून त्यांना आजच ईमेल कर आणि शिबिर नेमकं कोण चालवतं ते विचार, एखादं प्रतिष्ठान की खासगी कंपनी? पोलंडमध्ये स्वयंसेवकांसाठी 2003 चा कायदा आहे. त्यानुसार सेवाभावी संस्था आणि सरकारी यंत्रणा स्वयंसेवक घेऊ शकतात, नफ्याच्या धंद्यासाठी ते घेता येत नाहीत. काम 30 दिवसांपेक्षा जास्त असेल तर करार लेखीच लागतो. तुझं काम त्याहून कमी दिवसांचं आहे, तरी तू मागितलंस तर कराराचा मजकूर लेखी देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तो कागद आणि निमंत्रणपत्र हातात आलं की मुंबईतल्या पोलिश वकिलातीकडे त्याच कारणासाठी अर्ज करायचा. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज देता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण उन्हाळ्यात भेटीची वेळच लवकर मिळत नाही. शुल्क 90 युरो आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, हे दोन्ही खर्च हिशेबात धर. लेखी काही द्यायला त्यांनी टाळाटाळ केली तर हे शिबिर सोडून दे. पुढच्या वर्षी दुसरं मिळेल.

आणखी एक कागद लागेल, त्याचं नाव कदाचित त्यांनी अजून काढलंही नसेल. मुलांच्या सुरक्षिततेसाठीचे पोलंडचे नियम 15 फेब्रुवारी 2024 पासून बरेच कडक झालेत. मुलांबरोबर काम करणाऱ्या परदेशी माणसाला स्वतःच्या देशातला, गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला द्यावा लागतो. आपल्याकडे हा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, शुल्क 500 रुपये. त्याचं पोलिश भाषांतर किंवा अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) हवं का, ते संयोजकांना विचारून घे. त्यांनी हा दाखला आपणहून मागितला तर ती मंडळी नियमाने चालणारी आहेत असं समज. तुझ्या बाबांनाही हे सांग.

आता उच्चारांचं.

तुला ज्याची धास्ती वाटतेय तेच तिथे तुझ्या कामी येणार आहे. पोलंडमधली मुलं पहिलीपासून परदेशी भाषा शिकतात आणि बहुतेकांची ती भाषा इंग्रजीच असते. आठवीच्या शेवटी सरकारी परीक्षा होते. 2019 पासूनच्या या परीक्षेत मातृभाषा आणि गणिताबरोबर परदेशी भाषेचाही पेपर असतो. ऐकणं, वाचणं, लिहिणं सगळं तपासतात, बोलणं तपासत नाहीत. म्हणजे शिबिरात येणाऱ्या पोराला काळ ओळखता येतो, गाळलेल्या जागा भरता येतात, पण तोंड उघडायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. हे तुला मी वेगळं सांगायला हवं का? आपल्या राज्यात 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तू त्यानंतरच्या पिढीची. व्याकरणात पैकीच्या पैकी आणि कॉलेजात पहिलं इंग्रजी वाक्य बोलताना हातापायाला कंप, यातून तू गेली आहेस. इंग्लंडहून आलेला तो गोड बोलणारा तरुण कधीच गेलेला नाही. समोरचं मूल गप्प बसलं तर त्याला वाटेल, याला येत नाही. तुला कळेल की येतंय, पण धीर होत नाही. शिबिरात शिकवण्याचं निम्मं काम एवढं ओळखण्यातच आहे.

मी अशा शिबिरांत शिकवलंय. एक गोष्ट तिथे पुन्हा पुन्हा दिसली. इंग्रजी जन्मजात येणाऱ्या शिक्षकापुढे मुलं वाक्य मनात जुळवत बसतात. आपल्यासारखं, म्हणजे शिकून इंग्रजी बोलणारं माणूस समोर असलं की ती लवकर बोलू लागतात. बाई एवढं शिकून इतक्या लांबून आल्या आणि छान बोलतात, मग आपल्यालाही जमेल, असं त्यांना वाटतं. पहिल्याच दिवशी त्यांना सांग, ‘मीही शाळेतच इंग्रजी शिकले, माझ्या घरात कोणी इंग्रजी बोलत नाही.’ बघ, चेहरे कसे बदलतात.

उच्चारांची तयारी मात्र नीट कर, कारण ऐकणारे कान कोवळे आहेत. पोलिश मुलं शब्दाच्या शेवटचे मृदू वर्ण कठोर करतात. पिशवी सांगायला ‘बॅग’ म्हणायला जातात आणि ऐकू येतं ‘बॅक’, ‘डॉग’चं होतं ‘डॉक’. मराठी माणूस शेवटचा ‘ग’ स्वच्छ उच्चारतो, तेव्हा इथे तुझं पारडं जड. ‘व’च्या बाबतीत मात्र उलटं. इंग्रजीतले ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपण एकाच ‘व’ने भागवतो. पोलिश मुलांच्या तोंडात दोन्ही ध्वनी मुळातच वेगवेगळे आहेत. त्यांची चूक असते ती वाचताना, कारण त्यांच्या लिपीत ‘डब्ल्यू’ हे अक्षर ‘व्ही’चं काम करतं. म्हणून खिडकीला ‘व्हिन्डो’ म्हणतात. दुसऱ्या ध्वनीसाठी ‘एल’वर तिरकी रेघ मारलेलं अक्षर त्यांच्याकडे आहे. त्यांच्या ‘झ्वोती’ या चलनाच्या नावातच ते येतं. फळ्यावर ते अक्षर काढून दाखव, मुलांना एका मिनिटात उमगेल. ओठांचा गोल करून ‘डब्ल्यू’ म्हणायचा सराव तू स्वतः जायच्या आधी आरशासमोर कर. त्या गोऱ्या शिक्षकांसारखं बोलायचा प्रयत्न मात्र करू नकोस. हळू, स्पष्ट आणि पूर्ण वाक्यांत बोल.

आणि ‘अ’, ‘ॲन’, ‘द’. ही उपपदं मराठीतही नाहीत आणि पोलिशमध्येही नाहीत. त्यामुळे ती मुलं कुठे अडखळणार ते तुला आधीच ठाऊक आहे. नियमांचा तक्ता लावून बसू नकोस, तुला तरी तो तक्ता पाठ करून कुठे आलं होतं? ऐकून ऐकून बसलं, तसंच त्यांचंही बसेल. दोन आठवड्यांत बसणार नाही, म्हणून काळजीही करू नकोस.

पहिल्या दिवशी काय करायचं? ‘तुझं नाव काय, तू कुठून आलास’ने सुरुवात करू नकोस. ते सगळ्यांना पाठ असतं. पाठ केलेलं म्हणून दाखवलं की मुलांना वाटतं, झालं आपलं इंग्रजी. त्याऐवजी इंग्रजी बोलल्याशिवाय चालणारच नाही असं काहीतरी हातात दे. मी चल्लस आठ वापरते, तुमच्याकडे कदाचित अष्टाचंगा म्हणत असतील. पुठ्ठ्यावर पाच बाय पाच घरं आखायची. मधल्या घरावर आणि चारही कडांच्या मधल्या घरांवर फुल्या मारायच्या. कवड्या नकोत, पुठ्ठ्याच्या चार चकत्या एका बाजूने रंगवल्या की भागतं. चारही रंगीत बाजूने पडल्या तर चार, चारही उलट्या पडल्या तर आठ. दोन्ही वेळा पुन्हा खेळी. फुलीच्या घरात सोंगटी सुरक्षित, बाहेर सापडली की मेली, पुन्हा आपल्या घरी. नियम तोंडाने समजावत बसू नकोस. दोघांना समोर घे आणि खेळत खेळत एकेक वाक्य बोल. ‘आता तुझी पाळी’, ‘मला तीन पडले’, ‘तुझी सोंगटी मेली, मागे जा’, एवढी तीन-चार वाक्यं इंग्रजीतून पुन्हा पुन्हा आली की ती भिंतीवर मोठ्या अक्षरात लाव आणि मुलांना चौघाचौघांत बसव.

एका गटात एक मुलगा होता, साधारण दहा वर्षांचा. आल्यापासून मान डोलावण्यापलीकडे त्याने काही केलं नव्हतं. जिंकत आलेली त्याची सोंगटी मैत्रिणीने मारली, आणि तीसुद्धा फुलीवर. तो ताडकन उठला आणि ओरडला, ‘नो! इज माय हाउस! यू कान्ट किल इन माय हाउस!’ वाक्याच्या सुरुवातीचा ‘इट’ त्याने गिळला. त्यांच्या भाषेत तो लागत नाही, जसा मराठीतही ‘माझं घर आहे’ म्हणताना ‘हे’ लागत नाही. पण वाद घातला आणि इंग्रजीतून घातला. अशा वेळी मध्ये पडून ‘इट इज म्हण’ असं सांगू नकोस. तू निवाडा दे, ‘येस, इट इज हिज हाउस. शी कान्ट किल देअर.’ बरोबर वाक्य त्याच्या कानावर गेलं, खेळही थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा इतरांना नियम सांगत होता, ‘इट’सकट.

याच धर्तीवर तुला तुझ्या लहानपणातून बरंच काही सापडेल. आंधळी कोशिंबीर घे. डोळे बांधलेल्याला बाकीचे इंग्रजीतून ‘डावीकडे, सरळ, थांब’ सांगतात, दिशांचे शब्द एका तासात पक्के होतात. लंगडी, विषामृत, काहीही चालेल. मात्र ‘भारताची ओळख’ म्हणून मोठा कार्यक्रम मांडू नकोस. साडी, नकाशा आणि ताजमहालचं चित्र दाखवून तास संपतो आणि त्या तासात फक्त तूच बोललेली असतेस. खेळ त्यांचा झाला पाहिजे.

वर्गाबाहेरचा वेळ वर्गापेक्षा मोठा असतो. जेवणाच्या टेबलावर पाव मागणं, डोंगरावर ‘माझ्या बुटात पाणी गेलं’ सांगणं, शेकोटीपाशी कणसावरून भांडणं, खरी भाषा तिथे बाहेर पडते. तेव्हा दमलीस तरी खोलीत जाऊन मोबाइल घेऊन बसू नकोस. जेवायला दर वेळी वेगळ्या टेबलावर बस. शेवटच्या रात्री मुलं एकमेकांच्या तोंडाला टूथपेस्ट फासतात, त्यांच्याकडची ही जुनी प्रथा. तुलाही फासतील, रागावू नकोस.

एका बाबतीत फार जपून राहा. फेब्रुवारी 2022 नंतर युक्रेनमधली खूप मुलं पोलंडच्या शाळांत आली आहेत, तुझ्या गटातही असू शकतील. ‘माझं कुटुंब’ हा पाठ आपल्याकडे किती साधा वाटतो! पण ज्याचे बाबा आघाडीवर आहेत किंवा ज्याचं घरच राहिलेलं नाही, त्याला ‘तुझे बाबा काय करतात’ विचारायचं? त्याऐवजी सगळ्यांना सांग, तुम्हाला आवडणारं एक माणूस किंवा एक प्राणी काढा आणि त्याच्याबद्दल तीन वाक्यं सांगा. कोणी आजी काढेल, कोणी मांजर. शब्द तेच शिकले जातील आणि कोणाला काय सांगायचं ते त्याच्या हातात राहील. एखादं मूल आपणहून घरचं बोलू लागलं तर ऐकून घे, खोदून विचारू नकोस आणि नंतर त्या गटाच्या पोलिश पर्यवेक्षकाला सांग.

तो पर्यवेक्षक कोण, हे पहिल्याच दिवशी समजून घे. तिथल्या नियमांत एका पर्यवेक्षकाकडे 20 पेक्षा जास्त मुलं देता येत नाहीत. मुलं 10 वर्षांपर्यंतची असतील तर मर्यादा 15 ची. मुलांची जबाबदारी त्याची असते, तुझी नाही. नऊ वर्षांचं पोर रात्री घरच्या आठवणीने रडायला लागलं तर तुझं मन भरून येईल, तरी एकटीने त्याच्या खोलीत जाऊ नकोस, पर्यवेक्षकाला घेऊन जा. आपल्याकडे गालगुच्चा घेणं, पाठीवरून हात फिरवणं सहज होतं. तिथे मुलाने हात पुढे केला तर टाळी दे, तेवढं पुरे. मुलांचे फोटो तुझ्या फोनवर नकोत, इन्स्टाग्रामवर तर नकोतच. डोंगरावर त्यांना स्वतःहून घेऊन जायचं नाही. झाकोपानेजवळच्या तात्रा डोंगरांत उन्हाळ्यात दुपारी विजा पडतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये गिएव्होंत शिखरावर वीज पडून लहान मुलंसुद्धा दगावली होती. गवतातून, रानातून फिरून आल्यावर गोचिडी लागल्यात का ते रोज तपास, त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो.

सामानात पावसाळी जाकीट, गरम स्वेटर आणि घरात घालायच्या सपाता घे. जुलै असला तरी डोंगरात पाऊस असतो आणि रात्री गारठतं. शाकाहारी असशील तर आत्ताच कळव. बटाटा आणि चीज भरलेले पियेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, तुला आवडतील, मात्र वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, ते नकोत म्हणून सांगावं लागतं.

तुझ्या आजीचं ऐकून मला फार बरं वाटलं. वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत रशियाने सायबेरियात आणि इतरत्र नेऊन टाकलेली ही माणसं, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, बालवीरांची पथकं होती. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, 2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे आदरांजली वाहिली. दहा वर्षांच्या मुलांना यातलं काही ठाऊक असेल अशी अपेक्षा ठेवू नकोस आणि वर्गात भाषण तर करूच नकोस. पण जायच्या आधी आजीजवळ बसून तिचे वडील काय सांगायचे ते लिहून घे. शिबिराच्या प्रमुखांशी, स्वयंपाकघरातल्या वयस्क बायकांशी बोलताना ते सांग. ‘मी कोल्हापूरची’ म्हटल्यावर कोणी ना कोणी खुर्ची ओढून बसवील.

बाबांची काळजी रास्त आहे. ‘काही होत नाही हो’ म्हणून ती जाणार नाही. पोलंडमधल्या सुट्टीतल्या शिबिरांची नोंद शिक्षण खात्याकडे करावी लागते आणि त्यांच्या शिक्षण मंत्रालयाची यादी कोणालाही ऑनलाइन बघता येते. शिबिराचा नोंदणी क्रमांक मागून घे आणि बाबांच्या शेजारी बसून त्या यादीत शोध. मग शिबिरप्रमुखांशी व्हिडिओ कॉल ठरव, त्यात बाबांना बसव. बोलायला तू, पण प्रश्न त्यांचे असू देत. तू कोणत्या खोलीत कोणाबरोबर राहणार, क्राकुफच्या विमानतळावर घ्यायला कोण येणार, तिथून पुढच्या शंभरेक किलोमीटरच्या प्रवासाला गाडी कोणाची, आजारी पडलीस तर दवाखान्यात कोण नेणार. उत्तरं ईमेलने लेखी मागव. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं काढ, आणि तुझ्याजवळ एवढे पैसे राहू देत की वाटेल त्या दिवशी तिथून निघता येईल.

व्हिसा हातात येईपर्यंत विमानाच्या तिकिटाचे पैसे भरू नकोस, अर्जासाठी नुसतं आरक्षण चालतं. संयोजकांचं उत्तर आलं की मला कळव, कराराचा मजकूर पाठवलास तर मी वाचून देईन.

तुझी,
ताई